फडका पंपावर, दुखणं कॉइलमध्ये

सकाळी एका सेल्फला चालू होणारी गाडी पन्हाळ्यावर झुणका-भाकरी खाऊन आलं की ओळखसुद्धा दाखवत नाही, हा प्रकार आम्ही दीड वर्ष सोसला. गाडी म्हणजे आण्णांची फियाट अकराशे, १९६९ ची, १०८९ सीसी, स्टिअरिंगला गिअर. डुक्कर फियाट नव्हे बरं का, ती आधीची, गोल पाठीची. ही तिच्यानंतरची, जिचं पुढं पद्मिनी म्हणून बारसं झालं ती. २०२१ च्या नियमाप्रमाणं पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटली की गाडी व्हिंटेज, म्हणजे कागदावर आमची पण व्हिंटेजच, पण घरात तिला अजून "आण्णांची गाडी"च म्हणतात, आणि रस्त्यात बंद पडली की "तुमची गाडी".

तर दुखणं असं. थंड असताना एकदम गुणाची. थोडा चोक, एक सेल्फ, चालू. शिवाजी पूल ओलांडून केर्ली, मग वाघबीळचा चढ, वर पन्हाळ्यापर्यंत वीसेक किलोमीटर, कुठं मिसिंग नाही की धक्का नाही. बंद करून लगेच परत चावी मारली तरी चालू व्हायची. पण पंधरा-वीस मिनिटं थांबून परत आलं की सेल्फ फिरतोय, फिरतोय, इंजिन एकदा खोकल्यासारखं करतंय आणि गप्प. पाऊण तासानं कुणी हातसुद्धा न लावता परत चालू. लगेच होते, पाऊण तासानं होते, मधल्या वेळेत होत नाही. हे गणित आधी नीट डोक्यात घेतलं असतं तर बराच पैसा वाचला असता.

मधल्या वेळेत काय होतं, तर गाडी पळत असताना फॅन फिरत असतो, पाणी फिरत असतं, बॉनेटखाली वारा असतो. गाडी बंद केली की हे सगळं एका दमात थांबतं, पण लोखंड गरमच राहतं, आणि ती उष्णता वर कार्बोरेटर, पेट्रोल पंप, कॉइल (प्लगच्या ठिणगीसाठी बॅटरीचं व्होल्टेज चढवणारा डबा), डिस्ट्रिब्युटर (ते एकेका प्लगला वाटणारा) असं सगळीकडं पसरते. म्हणजे बॉनेटखालचा खरा उन्हाळा गाडी थांबल्यानंतर सुरू होतो आणि पहिल्या वीसेक मिनिटांत सगळ्यात कडक असतो. चुलीवरनं भाकरी काढली, जाळ विझवला, तरी तवा भाजतोच की, तसं.

आता कोल्हापुरात काय, जुन्या फियाटचं बॉनेट उघडून रस्त्याकडेला उभं राहिलात की दोन मिनिटांत सल्लागार मंडळ भरतं. आणि सगळ्यांचा सल्ला एकच, "ओला फडका टाका पंपावर." पेट्रोल गरम होतंय, पाइपात वाफ धरतीय, पंपाला ओढायला येत नाही. हे खोटं नाही, व्हेपर लॉक असतोच, आणि जुन्या फियाट-अ‍ॅम्बेसिडरवाल्यांनी अख्खे उन्हाळे या फडक्यावर काढलेत. आण्णांचापण एक फडका होता, डिकीत कायमचा, माझ्या आईच्या जुन्या इरकलीचा. मी पण तो भिजवायचो, पंपावर टाकायचो, थांबायचो, आणि गाडी चालू व्हायची! मग आमचा विश्वास काय विचारता.

त्या विश्वासावर मी काय काय केलं ते सांगतो. पंपाचं डायफ्राम किट बदललं. (ते मात्र गरजेचंच होतं, आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि जुन्या काळचं रबर त्याला टिकत नाही. इथेनॉल आपल्या कारखान्यांच्या मळीतनंच यायचं, म्हणजे आपल्याच उसानं आपल्याच गाडीचं डायफ्राम खाल्लं, तक्रार कुणाकडं करायची.) मग सोलेक्स कार्बोरेटर उघडून जेट साफ केले, फ्लोटची लेव्हल बघितली, कार्बोरेटरखाली उष्णता अडवायला जाड बेकलाइटचा स्पेसर घातला, पेट्रोलच्या पाइपला कापडी पट्टी गुंडाळली, अगदी ड्रेसिंग केल्यासारखी. प्रत्येक वेळी गाडी गॅरेजला सोडायची, ती रात्रभर तिथं उभी, सकाळी मिस्त्री चावी मारणार आणि मला फोन, "चालू हाय की वो मालक, काय झालंय तिला?" थंड गाडीला काय धाड भरलीय. आजारी माणूस दवाखान्यात गेला की ताप उतरावा तसं हे.

एक दिवस पन्हाळ्यावर तीन दरवाज्याजवळ असंच झालं. बरोबर मुलगी होती, कॉलेजला आहे, ती खाली उतरून म्हणाली, "बाबा मी दमलो आता, दर वेळी मीच ढकलायचं का?" (कोल्हापूरच्या बाहेरच्यांसाठी, आमच्याकडं पोरी "मी दमलो, मी आलो" असंच बोलतात, चुकून नव्हे.) दोन-चार टूरिस्ट पोरं मदतीला आली, उतार होता, सेकंड गिअर टाकून क्लच सोडला आणि गाडी पहिल्या हिसक्याला चालू. फडका नाही, थांबणं नाही, सगळं तापलेलं असताना. मी खूश होऊन हात दाखवून निघालो आणि वाघबीळच्या वळणावर कुठंतरी डोक्यात ट्यूब पेटली, की अरे, पेट्रोलच येत नसतं तर ढकलून तरी कशी चालू झाली?

पाइपात वाफ असेल तर ती सेल्फनं फिरवलं काय आणि ढकलून फिरवलं काय, वाफच. मग ढकलताना वेगळं काय होतं? सेल्फ नव्हता, एवढंच. आणि सेल्फ हा बॅटरीवरचा सगळ्यात मोठा खादाड. तो फिरत असताना बॅटरी बारा व्होल्टवरनं पार नऊ-दहावर येते, आणि कॉइलला राहिलेल्या त्या उष्ट्यावर भागवावं लागतं. ढकलताना कॉइलला पूर्ण ताट मिळतं. गंमत म्हणजे पॉइंट-कॉइलवाली (पॉइंट म्हणजे कॉइलचा करंट जोडणारी-तोडणारी दोन तोंडं) ही इग्निशनची, म्हणजे ठिणगी पाडायची, पद्धत आणि इलेक्ट्रिक सेल्फ, दोन्ही चार्ल्स केटरिंग नावाच्या एकाच अमेरिकन माणसाची करणी. इग्निशन १९१० च्या कॅडिलॅकला आणि सेल्फ १९१२ च्या. एका बापाची दोन पोरं, एकाच ताटात जेवणारी, आणि धाकटा अधाशी.

मग मी मिस्त्रींकडं गेलो की बाबा पेट्रोल सोडा, करंट बघा. त्यांनी प्लग काढला, बॉडीला टेकवला, सेल्फ मारायला लावला, ठिणगी पडली. "हे बघा, करंट येतोय." विषय संपला. यात मिस्त्रींना नावं ठेवायची नाहीत मला, डिझेलमध्ये त्या माणसाचा हात धरणारा कुणी नाही. एक तर आपल्या उद्यमनगरात ऑइल इंजिन, पंप, फाउंड्री यांचा वारसा, डिझेलला कुठं आलाय करंट, तिथं सगळं दाबावर पेटतं. मला वाटतं त्यामुळं आपल्याकडं पॉइंट-कंडेन्सरवर जीव लावून काम करणारे लोक कमीच.

शेवटी गाडी ओळखली ती एका रिवाइंडिंगवाल्या काकांनी. ऊसपट्ट्यातल्या जळक्या मोटारी आयुष्यभर भरत आलेला माणूस, गाडी कधी चालवलेली नाही, मोपेडवर फिरतात. त्यांच्याकडं मी आमच्या बोअरची मोटर घेऊन गेलो होतो आणि सहज बोलता बोलता गाडीचं रडगाणं गायलो. ते खाली मान घालून तार गुंडाळत होते, म्हणाले, "करंट येतोय म्हंजे काय? किती येतोय ते बोला की. आणि थंड असताना बघितलंसा की गरम असताना?" मी म्हणालो थंड. "मग काय बघितलंसा? थंड असताना सगळी वाइंडिंगं शहाणीच असत्यात."

रविवारी त्यांना गाडीत घालून रंकाळ्याला दोन फेऱ्या मारून आणल्या, फुलेवाडीपर्यंत जाऊन आलो, दुपारचं ऊन, गाडी चांगली तापवली आणि रंकाळ्याकडंला लावली. पंधरा मिनिटं भेळ खाल्ली. मग सेल्फ. नाही. आज पहिल्यांदा गाडी चालू न झाल्याचा मला आनंद झाला! काकांनी कॉइलवर हात ठेवला आणि झटक्यात काढून घेतला. "फडका हाय म्हणालासा न्हवं? भिजवून आणा." आणला. मी सवयीनं पंपाकडं हात नेला तर म्हणाले तिकडं नको, हितं, कॉइलवर. पाणी खाली वायरच्या तोंडात जाऊ न देता नुसतं अंगाभोवती गुंडाळलं. तीन मिनिटं. सेल्फ मारला आणि गाडी चालू.

म्हणजे दीड वर्ष मी ज्या फडक्याला मानत होतो तो चुकीच्या ठिकाणी होता, आणि तरी त्याला यश येत होतं, कारण पाणी शोधायचं, फडका भिजवायचा, टाकायचा, वाट बघायची, एखादा सल्ला ऐकायचा, यात अर्धा-पाऊण तास जायचा आणि तेवढ्यात कॉइल आपली आपण निवायची.

मग काकांनी मल्टीमीटर काढला. कॉइलच्या दोन छोट्या टर्मिनलमधला, म्हणजे प्रायमरीचा (बॅटरीकडच्या वाइंडिंगचा) रेझिस्टन्स. गार झाल्यावर दाखवला १.६ ओहम. इथं खरी मेख होती. जुन्या गाड्यांच्या कॉइल दोन जातीच्या असतात. एक साधारण तीन ओहमची, ती थेट बारा व्होल्टवर चालते. दुसरी दीड ओहमची, तिच्या आधी लाइनमध्ये एक बॅलास्ट रेझिस्टर लागतो, जो व्होल्टेज पाडून कॉइलला देतो आणि सेल्फ मारताना तेवढ्यापुरता बायपास होतो. आमच्या गाडीला बॅलास्ट नाहीच, आणि कधीतरी कुणीतरी "मिळाली ती" म्हणून दीड ओहमवाली कॉइल बसवलेली. दिसायला दोन्ही सारख्या, ॲल्युमिनियमचा डबा, ब्रॅकेट तोच, वायरी तेवढ्याच.

हिशेब करून बघा. बारा व्होल्ट भागिले १.६, म्हणजे साडेसात अँपिअर, म्हणजे ९० वॉट. तीन ओहमच्या कॉइलमध्ये चार अँपिअर, ४८ वॉट. गाडी पळताना पॉइंट उघडझाप करतात म्हणून प्रत्यक्षात यापेक्षा कमी जातो, पण गाडी बंद आणि चावी ऑन राहिली आणि पॉइंट मिटलेले असले, की पूर्ण ९० वॉट त्या बंद डब्यात. आणि मी कधीकधी काय करायचो, तर चालू होत नाही म्हणून चावी तशीच ऑन ठेवून बॉनेट उघडून बसायचो! म्हणजे कॉइल निवायच्या ऐवजी मीच तिला शिजवायचो. शिवाय साडेसात अँपिअर तोडून तोडून पॉइंटची तोंडं जळलेली, एकावर खड्डा, दुसऱ्यावर टेंगूळ.

तापल्यावर तांब्याचा रेझिस्टन्स वाढतो, साठ डिग्री चढलं की जवळजवळ चोवीस टक्के, म्हणजे करंट एकोणीसेक टक्के कमी. ते प्रत्येक कॉइलचं होतं, तेवढ्यानं गाडी अडत नाही. पण आमची वर्षानुवर्षं भाजलेली होती, आतलं इन्शुलेशन खंगलेलं, त्यामुळं गरम झाली की हाय व्होल्टेज प्लगपर्यंत जाण्याऐवजी आतल्या आतच वाट काढायचं. मग मिस्त्रींनी दाखवलेली ठिणगी कसली? उघड्या हवेत ठिणगी पडायला कमी व्होल्टेज पुरतं. सिलेंडरमध्ये पिस्टननं दाबलेल्या हवेत तीच ठिणगी पाडायला कितीतरी जास्त लागतं. म्हणून बाहेर प्लग टेकवून "करंट येतोय" हा पुरावाच नव्हे. काकांनी डिस्ट्रिब्युटर कॅपमधली मधली वायर काढली, लाकडी चिमट्यात धरून इंजिनच्या लोखंडापासून पाच-सहा मिलिमीटरवर ठेवली आणि सेल्फ मारायला लावला. (कार्बोरेटरपासून लांब, आणि पेट्रोल कुठं गळत नाही हे बघून. हातात धरून करू नका, माझा मामेभाऊ अजून सांगतो कसा उडाला होता ते.) गार कॉइलवर निळी ठिणगी, चट चट आवाज. परत तापवून बघितली तर पिवळी, केसासारखी, मधेच गायब.

तीन ओहमची कॉइल शोधायला लक्ष्मीपुरीत तीन दुकानं फिरलो. तिन्हीकडं पहिला प्रश्न "कंच्या गाडीची?" आणि फियाट म्हटल्यावर एक हसू. मी घरनं मीटरच घेऊन गेलो होतो आणि काउंटरवर मोजून घेतली, दुकानदार बघत बसला. डब्यावर काय छापलंय त्यावर जाऊ नका, मोजा. नवे पॉइंट घातले, फिलर गेजनं गॅप ०.४५ मिलिमीटर, प्लग साफ करून ०.६. कॉइल आधी इंजिनच्या अगदी अंगाला होती, ती वारा लागेल अशी बाजूला घेतली.

पुढचे तीन आठवडे स्वर्ग. जोतिबाला जाऊन आलो, चांगभलं म्हणून चावी मारली की चालू. मी गल्लीत सगळ्यांना सांगत सुटलो. आणि चौथ्या रविवारी कागल रोडला परत तेच. घरी फोन केला तर बायको म्हणाली, "अहो, रिक्षा करून या, आणि त्या गाडीला तिथंच नमस्कार करा."

पण आता मी शिकलेलो होतो. गार व्हायची वाट न बघता तिथंच डिस्ट्रिब्युटरची कॅप काढली, एका माणसाला सेल्फ मारायला बसवलं आणि पॉइंटकडं बघत राहिलो. पॉइंट उघडताना त्यांच्यामध्येच चांगली पिवळी ठिणगी पडत होती, वेल्डिंग केल्यासारखी. हे लक्षण कंडेन्सरचं. कंडेन्सरचं काम असं, की पॉइंट उघडले की प्रायमरीतला करंट असा सहज थांबत नाही, उडी मारून पुढं जायला बघतो. कंडेन्सर ती उडी आपल्या पोटात घेतो, त्यामुळं करंट खाडकन तुटतो, आणि तो जितका खाडकन तुटेल तितकं सेकंडरीत, म्हणजे कॉइलच्या प्लगकडच्या वाइंडिंगमध्ये, हजारो व्होल्टचं माप चढतं. कंडेन्सर गळका झाला की ठिणगी प्लगला पडायची ती पॉइंटलाच पडते. आणि हा पण गरम झाल्यावरच गळतो, गार असताना साळसूद. त्यात मी पॉइंटबरोबर नवाकोरा कंडेन्सर घातलेला! नवीन म्हणजे चांगला हे समीकरण जुन्या गाडीच्या पार्टला लावायचं नाही, हल्लीचे काही कंडेन्सर महिनाभर पण टिकत नाहीत. सुदैवानं काढलेला जुना मी टाकला नव्हता, डॅशबोर्डच्या कप्प्यात सुपारीच्या डबीत होता. रस्त्यावरच तो लावला. गाडी चालू. मूळचा, पन्नास वर्षांचा म्हातारा बरा निघाला.

नंतर काकांनी सांगितल्यावर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातनं ०.२२ मायक्रोफॅरडचा, ६३० व्होल्टचा पॉलिप्रॉपिलीन कपॅसिटर आणला आणि डिस्ट्रिब्युटरच्या बाहेर, कॉइलच्या ब्रॅकेटजवळ लावला. दिसायला ओरिजिनल नाही, शोमध्ये नाकं मुरडतील, मुरडू देत. काही जण म्हणतात पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशनच टाक. चांगलं असतं, पण ते गेलं तर रस्त्यात गेलंच, आणि तापलेलं त्याला पण आवडत नाही. पॉइंट निदान पॉलिश पेपरचा तुकडा मारून घरी आणतात.

राहता राहिला सेल्फ. गरम असताना तो जरा जड फिरायचाच, म्हणून मीटरची एक वायर इंजिनला आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला लावून सेल्फ मारला तर ०.९ व्होल्ट. तिथं अर्धा व्होल्टसुद्धा जास्तच. इंजिनकडनं बॉडीला येणारी अर्थची विणलेली पट्टी हिरवी पडलेली, अर्ध्या तारा तुटलेल्या. दोनशे-अडीचशे रुपयांची नवी पट्टी, दोन्ही टोकांचा रंग घासून घट्ट बोल्ट, आणि सेल्फचा आवाजच बदलला. कॉइलला ताटात थोडं जास्त वाढलं गेलं.

परवाच्या रविवारी परत पन्हाळा. मुद्दाम मुलीला नेली, मुद्दाम उन्हाचं, मुद्दाम वीस मिनिटं मोजून गाडी उभी केली. कणीस खाल्लं. मी बसलो, चोकला हात लावला नाही, अ‍ॅक्सिलरेटर निम्मा दाबून धरला, चावी फिरवली, सेल्फनं दोन गिरक्या घेतल्या नसतील, चालू. मी आनंदानं बाजूला बघितलं तर मुलगी सीटवर नाही. आरशात बघतोय तर ती मागं जाऊन बाह्या सारून डिकीला हात लावून उभी.